नांगराची खूण आणि कोड ०८: विमा नियामकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. वय ४४. नऊ वर्षांपासून नवऱ्याच्या नि माझ्या नावावर पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे, हप्ता एकदाही चुकलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या छातीची शस्त्रक्रिया झाली, स्तन लहान करण्याची. उजवीकडून ६४० ग्रॅम आणि डावीकडून ५९० ग्रॅम काढलं. बिल दोन लाख अठरा हजार. आदल्या संध्याकाळी सिस्टर मला रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही असं बजावत होत्या, तेवढ्यात कॅशलेस नाकारल्याचा मेसेज आला. घरी आल्यावर रीतसर क्लेम टाकला, तोही परत आला. कारण एका ओळीत: एक्सक्लुजन (विम्यातून वगळलेल्या गोष्टींचा) कोड ०८, कॉस्मेटिक सर्जरी.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या कंपनीपुरतं नाही. हा ०८ नंबरचा कोड तुमच्या २७ सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतून आला आणि आज जवळजवळ कुठलीही आरोग्य पॉलिसी उघडली तरी तो त्याच शब्दांत सापडतो. तेव्हा विचारायचं तर तुम्हालाच.

आधी काय त्रास होता तो सांगते, आणि थोडा उघडपणे सांगते. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर गेला की मानेपासून करंगळीपर्यंत मुंग्या यायच्या. दुसऱ्या तासापासून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायची. मागच्या बाकांवरून मुलं ओरडायची, "बाई, वर लिहा, दिसत नाही." ब्रेसियरच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्या होत्या, करंगळी आडवी ठेवली तर बसेल अशा. मार्च उजाडला की छातीखालची कातडी घामाने ओली राहून सोलवटायची. सुती रुमालाच्या घड्या तिथे खोचून शाळेत जायचं, मधल्या सुट्टीत बदलायच्या, वास येत नाही ना याची धास्ती घेऊन स्टाफरूममध्ये बसायचं. त्वचारोगाचे डॉक्टर झाले, हाडांचे झाले, मानेचा एमआरआय झाला, फिजिओथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या. अकरा वर्षांचे कागद एका फाइलीत लावलेले होते आणि ती अख्खी फाइल क्लेमला जोडली होती.

सर्जननी पहिल्या भेटीत टेप लावून मोजलं. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत ३४ सेंटिमीटर. ते २३ वर आणायचं ठरलं. इथेच सगळ्या घोळाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगते. छाती लहान करणं आणि छाती वर उचलणं या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया म्हणून ओळखल्या जातात, पण कातडीवर पेनने काढायचा नकाशा पुष्कळदा एकच असतो. किल्लीच्या भोकासारखा दिसणारा तो आराखडा रॉबर्ट वाइज या अमेरिकन सर्जननी १९५६ साली मांडला. आतलं वजन काढलं की कातडी सैल पडते, ती आवळावी लागते आणि स्तनाग्र वर न्यावं लागतं. म्हणजे उचलल्यावाचून लहान करणं सहसा जमत नाही. उलट बाजूने मात्र जमतं: वजनाला हात न लावता नुसतं उचलूनही देतात, आणि ते बहुतेकदा दिसण्यासाठीच असतं. माझ्या सर्जननी ऑपरेशनच्या नोंदीत सरळपणाने दोन्ही शब्द लिहिले, रिडक्शन म्हणजे लहान करणं आणि मॅस्टोपेक्सी म्हणजे वर उचलणं. टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, टेबलावर बसलेल्या माणसाला दुसरा शब्द पुरला. पहिल्या शब्दापुढे लिहिलेले ग्रॅम त्याने पाहिलेच नसावेत.

आता व्रणाबद्दल. या नकाशाने जी खूण राहते तिला डॉक्टर मंडळी 'अँकर' म्हणतात: स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाला एक गोल, तिथून खाली उतरणारी उभी रेघ, आणि छातीखालच्या घडीत लांबलचक आडवी रेघ. वजन थोडं असेल तर नुसत्या गोलावर भागतं, किंवा गोल आणि उभी रेघ एवढ्यावर. माझं भागणार नव्हतं. सिस्टरनी सासूबाईंना मराठीत समजावलं, "आजी, नांगरासारखी खूण राहील." आमच्या सासूबाईंनी समुद्र बघितलेला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे शेतातला नांगर आला. "अगं बया, म्हणजे नांगरूनच काढणार की हिला!" जहाजाचा नांगर कसा असतो ते मी त्यांना कागदावर काढून दाखवलं खरं, पण काढता काढता वाटलं, यांचंच बरोबर आहे.

सर्जननी सही घेण्याआधी पाऊण तास व्रणावरच घालवला. आधी माझे कान पाहिले. टोचलेल्या जागी कधी गाठ झाली होती का, बाळंतपणातल्या टाक्यांची रेघ जाड झाली का. आपल्या सावळ्या कातडीत व्रण फुगण्याचा कल जास्त, आणि छातीच्या मधलं हाड, खांदा, कानाची पाळी या केलॉइडच्या, म्हणजे फुगून वाढत जाणाऱ्या व्रणाच्या, नेहमीच्या जागा. कान चांगले निघाले. मग स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते, पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही, मॅमोग्राममध्ये आतले व्रण दिसतील म्हणून तपासणाऱ्याला आधी सांगायचं, हे सगळं. शेवटी विचारलं, "सिगारेट, तंबाखू?" मी हसून नाही म्हटलं. बाजूला उभ्या असलेल्या सिस्टर कराडकडच्या असाव्यात. त्यांनी हळूच विचारलं, "मिशरी?"

मी गप्प. दहावीच्या वर्गाला तंबाखूचे दुष्परिणाम शिकवणारी मी, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सकाळी मिशरी लावते. दात घासायला म्हणून सुरू झालं आणि सुटलं नाही. सर्जननी पेन खाली ठेवलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, वर सरकवलेल्या स्तनाग्राला रक्त पुरत नाही, ते काळं पडून गळू शकतं, आणि जखमेच्या कडा जुळत नाहीत. गणपतीच्या सुट्टीतलं ऑपरेशन दिवाळीवर गेलं. सहा आठवडे मिशरीचा डबा सासूबाईंनी स्वतःच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवला. हे इथे सांगते कारण सर्जनांच्या छापील प्रश्नावलीत 'धूम्रपान' असतं, मिशरी नसते, आणि आमच्याकडची बाई धूम्रपान नाही असंच लिहिणार.

तर महोदय, अकरा वर्षांच्या फाइलीनंतर, एवढ्या खुणा अंगावर घेऊन, स्तनाग्र गमावण्याची शक्यता लिहिलेल्या कागदावर सही करून मी जे करून घेतलं त्याला तुमच्या भाषेत 'दिसण्यात बदल करण्यासाठीचा उपचार' म्हणतात.

तुमचं कलम मी बऱ्याचदा वाचलं. साध्या मराठीत ते असं आहे: कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, किंवा दिसणं बदलणाऱ्या उपचाराचा खर्च मिळणार नाही, अपवाद फक्त अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराचा. आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी. माझ्याकडे ते प्रमाणपत्र होतं. कंपनीने लिहिलं की आमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे. त्या डॉक्टरांनी मला पाहिलेलं नाही. कलमात ते कुठेही नाहीत.

पण खरी अडचण 'तात्काळ' या शब्दाची आहे. भाजलेल्या हाताला तात्काळ लागू पडतं. मान अकरा वर्षं रोज थोडी थोडी झिजते, आणि त्यातल्या कुठल्याही दिवशी "आज नाही केलं तर काय बिघडतं" असं म्हणता येतं. मोतीबिंदूला, गुडघ्याच्या सांध्याला कोणी तात्काळ धोका विचारत नाही, प्रतीक्षा कालावधी संपला की पैसे मिळतात. फक्त प्लास्टिक सर्जनच्या हातात सुरी आली की हा प्रश्न उठतो. गंमत म्हणजे तुम्हीच २०२० साली आणलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत 'आजार किंवा इजेमुळे करावी लागलेली प्लास्टिक सर्जरी' मिळते असं सरळ लिहिलंय. म्हणजे नीट शब्द तुमच्याकडे आहेत.

आणखी एक विसंगती हिशेबाच्या वहीतली. २०२४ साली शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची ठरली की तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागायचा, उपचार ठरली की लागत नसे. माझ्या बिलावर जीएसटी नाही. करखात्यापुढे जो उपचार, तोच विमा कंपनीपुढे सौंदर्य. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला, त्याचा मला आनंदच आहे. पण हप्ता स्वस्त होऊन क्लेम असाच फिरत असेल तर काय उपयोग?

आता एक प्रसंग, जो लिहावा की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. रुग्णालयाच्या विमा काउंटरवर टीपीएची क्वेरी आली: फोटो पाठवा. काउंटरवरचा मुलगा, असेल चोविशीचा, रांगेतल्या पंधरा-वीस माणसांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमचे ब्रेस्टचे फोटो लागतील, समोरून आणि दोन्ही साइडने. माझ्या व्हॉट्सअॅपवर टाका, मी फॉरवर्ड करतो." माझा नवरा तिथेच उभा होता. तो खाली बघत राहिला. मागच्या एका काकूंनी मला हात धरून बाकावर बसवलं. फोटो मागणं चूक आहे असं मी म्हणत नाही, वैद्यकीय पुरावा म्हणून ते लागतही असतील. पण ते डॉक्टरकडून डॉक्टरकडे, शक्य असेल तर बाई डॉक्टरकडे, बंद मार्गाने जावेत आणि निर्णय झाला की पुसल्याचं लेखी मिळावं, एवढा नियम तुम्ही करू शकता. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. काउंटरपर्यंत तो पोचलेला नाही. मी सहा फोटो पाठवले. दुसरा रस्ता कोणी दाखवला नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाने नकाराचं तेच उत्तर दुसऱ्या लेटरहेडवर पाठवलं. तुमच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कुठलाही क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या समितीपुढे जायला हवा आणि कुठल्या अटीमुळे नाकारला ते तपशिलाने कळवायला हवं. समिती बसली असेल तर तिचा एक शब्द माझ्या पत्रात नाही. मग एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेले. तिथे फी नाही, वकील लागत नाही, नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, एवढं मला तेव्हाच कळलं. व्हिडिओवर सुनावणी झाली. मी ग्रॅमचे आकडे, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, त्वचारोगाच्या चिठ्ठ्या एकेक करून दाखवल्या, वर्गात दाखवते तशा. निकाल माझ्या बाजूने लागला, रुग्णालयाचं बिल मिळालं. म्हणून हे पत्र पैशांसाठी नाही. तो निवाडा माझ्यापुरता आहे. उद्या माझ्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा क्लेम त्याच कोडखाली फिरला तर त्यांना पहिल्या पायरीपासून चढावं लागेल, आणि किती बायका व्हिडिओवर अनोळखी माणसांसमोर आपल्या छातीबद्दल बोलायला तयार होतील?

मिळालं नाही ते व्रणाचं. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तो तिठा सगळ्यात नाजूक, तिथे कातडी सगळ्यात ताणलेली असते. माझा उजवीकडचा तिठा दहाव्या दिवशी उघडला. पाच आठवडे ड्रेसिंग. ते बिल निदान घरी सोडल्यानंतरच्या खर्चासाठी पॉलिसीत असलेल्या साठ दिवसांच्या मुदतीत बसलं. पण व्रण साठ दिवसांत पिकत नाही. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं: आधी लाल, मग कडक, मग हळूहळू मऊ आणि फिका. आडव्या रेघेची मधल्या हाडाकडची टोकं तिसऱ्या महिन्यात फुगली. खाज इतकी की शिकवताना वहीच्या पुठ्ठ्याने ओढणीवरून खाजवायची. रोज बारा तास सिलिकॉनची पट्टी लावायची, रात्री धुऊन वाळत घालायची. महिन्याच्या अंतराने व्रणात स्टिरॉइडची तीन इंजेक्शनं घेतली, आणि ती दुखतात, कोणी काही म्हणो. हे सगळं खिशातून. कंपनीचं उत्तर, व्रणाचा उपचार हा कॉस्मेटिक. म्हणजे कापणं आता उपचार ठरलं आणि कापल्याची जखम भरणं सौंदर्य!

ऑपरेशननंतर सहा आठवडे घालायच्या आधाराच्या ब्रेसियरचे पैसेही कापले. का ते शोधायला तुमची न मिळणाऱ्या वस्तूंची यादी काढली. तिसऱ्या क्रमांकावर 'ब्युटी सर्व्हिसेस', चौथ्यावर 'बेल्ट्स, ब्रेसेस'. इंग्रजी मुळाक्षरांमुळे शेजारी आलेत, कळतं मला. तरी हसू आलं.

माझ्यापेक्षा वाईट अवस्था असलेल्या दोघी मला माहीत आहेत. माझी आत्तेबहीण नाशिकला असते. तिची लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यातून झाली, कारण तुमच्याच नियमांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर ती मिळते. वजन ११८ वरून ७१ वर आलं. सैल कातडीच्या घड्या मात्र राहिल्या, त्यात वर्षभर बुरशी. ती घडी काढायची म्हटलं की कोड ०८. दुसरी मला ड्रेसिंगच्या बाकावर भेटली, स्तनाच्या कॅन्सरची. आजारी बाजूची पुनर्रचना विम्यातून झाली. निरोगी बाजू तिच्या जोडीला आणण्यासाठी जी उचलावी लागली, तेवढा भाग बिलातून कापला. तुमच्या कलमात कॅन्सरनंतरची पुनर्रचना आहे, दुसऱ्या बाजूबद्दल शब्द नाही. अमेरिकेने १९९८ च्या कायद्यात तो शब्द घातला: स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याने पुनर्रचना, दोन्ही बाजू सारख्या दिसण्यासाठी दुसऱ्या स्तनावरची शस्त्रक्रिया, आणि नंतरच्या गुंतागुंतीसुद्धा धरायच्या. एका वाक्याचं काम आहे.

मात्र तिथलं सगळं उचलू नका. तिथल्या काही कंपन्या प्रत्येक बाजूने ५०० ग्रॅम निघालेच पाहिजेत असा काटा लावतात. पाच फुटी बाईलाही ५००, सहा फुटीलाही ५००. १९९१ साली पॉल श्नर या सर्जननी शरीराच्या आकारमानावरून ग्रॅम ठरवणारा तक्ता मांडला, तो त्यातल्या त्यात बरा, पण पुढे त्याचाही वापर नकार द्यायलाच जास्त झाला. वजन थोडं निघूनही मान मोकळी झालेल्या बायका असतात. ग्रॅम हा एक पुरावा असू द्या, सोबत सहा महिने केलेले इतर उपचार, त्वचेची नोंद, खांद्याच्या खाचा, मानेची तपासणी, असं मिळून ठरवा. आणि 'थेट आणि तात्काळ' ऐवजी 'नोंदलेला आणि इतर उपचारांनी न हटलेला त्रास' असं काहीतरी लिहा, शब्द तुमचे कायदेतज्ज्ञ बघतील. व्रणाच्या उपचाराची मुदत मूळ शस्त्रक्रियेला जोडून दीड वर्ष करा.

बाळंतपणानंतर किंवा वयाने उतरलेली छाती, काही दुखत नाही, कातडी चांगली आहे, फक्त पूर्वीसारखी हवी, तर त्याचे पैसे विम्याने देऊ नयेत असं माझंही मत आहे. ज्यांना हवं त्यांनी जरूर करावं, स्वतःच्या पैशाने. माझ्या मैत्रिणींना हे आवडणार नाही. पण हप्त्यांची गंगाजळी सगळ्यांची आहे, आणि ती रेघ तुम्ही नीट आखली तरच अलीकडच्या बाजूच्या बायका पलीकडे ढकलल्या जाणार नाहीत. आणि हो, आता आरशात बघताना मला बरं वाटतं. बरं वाटलं म्हणून तो आजार नव्हता असं होत नाही ना?

पॉलिसीचं माहितीपत्रक ग्राहकाने मागितलं तर त्याच्या भाषेत द्यायचं, हाही तुमचाच नियम. मी मराठीत मागितलं होतं. इंग्रजीतच आलं, दोनदा. त्यात कोड ०८ चौथ्या पानावर आहे.

आता सव्वा वर्ष झालं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत लिहिते. मिशरीचा डबा अजून ट्रंकेतच आहे. उभी रेघ जवळजवळ दिसेनाशी झालीय, मधली टोकं अजून गुलाबी आहेत. आणि ते सहा फोटो कोणाच्या फोनमध्ये आहेत ते मला माहीत नाही. पुसल्याचं लेखी मी तीन वेळा मागितलं, कंपनीकडे, टीपीएकडे आणि रुग्णालयाकडे. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मी समजू शकते. हे एवढं मात्र या महिन्यात करून द्या.

आपली,
एक पॉलिसीधारक शिक्षिका
जिल्हा सातारा